काढलेला पोचा

...आणि वर विचारतात, "दाखव, कुठाय पोचा?" अहो, काढलेला पोचा दाखवणार कुठून? पण हे चौलच्या लोकांना सांगायचं कोणी? तुम्हाला सांगतो, ह्या एका प्रश्नानं गुणाजी तांबटाच्या जिवाला घोर लावला होता. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी सासरी बोर्लीला, आणि घरोघरी जर्मनची भांडी आल्यापासून तांब्यापितळेची भांडी ठोकून घ्यायला दुकानाची पायरी चढतंय कोण? दिवसचे दिवस तोंडातून शब्द नाही! अशात एका भर दुपारी डॉक्टरांची मोटार दारात. मडगार्डला वाटीएवढा पोचा आणि डॉक्टर घामाघूम... "गुणाजी, घरी कळायच्या आत, रंगाला धक्का न लावता निघेल?"

निघेल? अहो, त्यानं गरम पाण्यानं पत्रा शेकला, खाली उताणा पडला आणि लाकडी हातोडीनं आतून असा हळूहळू ठोकला, असा ठोकला, की पोचा गायब आणि रंगावर ओरखडा नाही! जन्मातलं सगळ्यात सुरेख काम... आणि वा म्हणायला कोणी नाही.

मग काय, गुणाजी कान्हाच्या चहाच्या दुकानात सांगत सुटला. कान्हा म्हणतो, "दाखव, कुठाय पोचा?"

"निघाला ना!"

"मंग व्हता कशावरनं?"

सगळे खो खो हसले. शेवटी गुणाजीनं भर बाजारात मोटारच अडवली. "डॉक्टरसाहेब, सांगा हो ह्यांना!" आणि नेमक्या शेजारी बसलेल्या डॉक्टरांच्या बाईसाहेब! डॉक्टर म्हणाले, "माझ्या मोटारीला पोचा? छे, कधीच नाही!"

झालं! गुणाजी गावभर थापाड्या ठरला. चहाच्या दुकानात जाणंही सुटलं... तेवढंच तर माणसांत बसणं होतं हो!

महिन्यानं तीच मोटार पुन्हा दारात. उतरल्या कोण? बाईसाहेब, एकट्या! दाराला फणसाएवढा पोचा. "चालवायला शिकत होते... कुंपण मध्ये आलं."

"बाई, माझ्यावर विश्वास हाय तुमचा?"

"अहो, त्या दिवशी बाजारात ह्यांचे कान लाल झाले, तेव्हाच ओळखलं मी, खरं तुम्हीच बोलताय!"

गुणाजीनं हातोडी खाली ठेवली, डोळे पुसले. मग काम केलं ते मुद्दाम सावकाश. दोन तास बाई पाटावर बसून बघत होत्या, मधूनच "वा!" म्हणत होत्या... चार वर्षांत त्याच्याजवळ इतकं कोणी बसलं नव्हतं! जाताना म्हणाल्या, "तेवढं ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका हं."

संध्याकाळी गुणाजी चहाला गेला. कान्हा लगेच, "काय तांबट, आज किती मोटारी?"

गुणाजीनं चहा बशीत ओतला, फुंकर मारली.

"कसली मोटार? मी आपला भांडी ठोकणारा माणूस."