डावीकडचा दगड

नाही, ते मी आधीच सांगून ठेवतो बुर्गी, माझ्या आठवणीवर फार भार टाकू नकोस. परवा मी उष्मागतिकीचा दुसरा नियम अख्खा म्हणून दाखवला, पुराव्यासकट, आणि तेवढ्यात दारात आलेल्या शेजारणीचं नाव काही केल्या आठवेना. तीस वर्षांपासूनची शेजारीण! तेव्हा तुझ्या आजोबांचं काही विचारशील तर त्यातलं निम्मं मी पाहिलेलं असेल आणि निम्मं नंतर बसून जुळवलेलं. कुठलं कुठलं ते मलाच सांगता यायचं नाही. काचेचं विचार. काचेचं मी खात्रीनं सांगेन, प्रकाशशास्त्र चाळीस वर्षं शिकवलंय, तुझ्या आईलासुद्धा — ती शेवटच्या बाकावर बसून विणायची. बस ना. खुर्चीवरची पुस्तकं जमिनीवर ठेव, काही होत नाही त्यांना. कॉफीत साखर? नाही? तुझा आजोबा रोमेद तीन चमचे घ्यायचा. आणि ढवळायचा नाही. तळाची साखर शेवटी चमच्यानं खायचा, आणि म्हणायचा, डॉक्टर — पदवी माझी भौतिकशास्त्राची, पण खोऱ्यात मी डॉक्टरच — तुझ्या घरी एवढंच काय ते गोड आहे.

दे, ते पत्रक इकडे दे. किती म्हणालीस? चार हजार दोनशे — युरो? हो, युरोच, मी अजून मनात युरोच्या आधीचे शिलिंग करत बसतो. चार हजार दोनशे, नुसत्या बंदुकीवरच्या दुर्बिणीचे, बंदूक वेगळी. आणि दुकानदार पाचपर्यंतच थांबणार. ते नेहमीच पाचपर्यंत थांबतात, उद्याही थांबतील, पण ठीक आहे. बघू. छप्पन्न मिलिमीटरचं पुढचं भिंग. प्रकाश ब्याण्णव टक्के आरपार. खोटं नाही हे, ते लोक खोटं लिहीत नाहीत, ती त्यांची हुशारी आहे. हे बघ, आठपट मोठं करून बघितलंस की छप्पन्न भागिले आठ, सात मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. तुझं वय सव्वीस ना? तुझ्या डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटर उघडते. सगळा झोत आत. माझी उघडते चार. म्हणजे मी ही घेतली तर निम्म्याहून जास्त पैसे माझ्या पापण्यांवर सांडणार. म्हातारे लोकच ह्या सगळ्यात जास्त विकत घेतात, आणि म्हाताऱ्यांनाच त्या उपयोगी पडत नाहीत — हे मी शिकारी संघात एकदा बोललो तर दोन आठवडे कोणी मला बिअर पाजली नाही. पण तुला उपयोगी पडेल. सूर्य गेल्यावर दहा मिनिटं जास्त मिळतील. चार हजार दोनशेला दहा मिनिटं. बस, तेवढंच विकतात ते, बाकी सगळं — हे डबे, कातडी पट्टा, दहा वर्षांची हमी — सजावट. आता ती दहा मिनिटं तुला हवीत का, हे प्रकाशशास्त्र सांगत नाही.

तुला का हवीत, ते सांग. शिकारीची परीक्षा तर झाली, परवाना मिळाला, रोमेदनंतर तुमच्या घरात पहिला. ॲफ्रा रडली म्हणे? तुझी आजी रडते म्हणजे — मी तिला एकदाच रडताना पाहिलंय. सांग ना, का हवी? साधी घे आठशेची, तीही पुरेल.

— 

हं. हो. हो, ऐकलं मी. नको, परत नको सांगूस. आजोबांसारखं व्हायला नको म्हणून. बरोबर. भिंतीवर ती शिंगं आहेत अजून? पाटीसकट? आणि त्यावर तो लाल ठिपका. मला वाटलं होतं ॲफ्रानं काढून टाकली असतील. तू लहानपणापासून जेवताना ती बघत आलीस, असं का — जेवणाच्या टेबलासमोरच. आणि घरात सगळे म्हणतात, जुन्या काचेमुळे झालं. सगळं खोरं म्हणतं. रोमेदनं काचेवर पैसे वाचवले आणि पिल्लाची आई मारली. माहितीय मला काय म्हणतात. मी काय सांगत होतो? बाहुली. सात मिलिमीटर.

थांब जरा, खिडकी लावतो.

हे बघ, रोमेदची काच जुनी होती, हे खरं. चारपट, स्थिर, त्याच्या बापाच्या बंदुकीवरची. कडेला थोडी धूसर. पण तुला कोणी हे सांगितलं का की जुन्या, कमी पटीच्या काचेत दिसतं जास्त? मोठं नाही, जास्त. रुंद. दोनशे मीटरवर तिच्यातून वीस मीटरचा पट्टा एका नजरेत येतो. आणि बारापटीच्या काचेत? सहा मीटर, साडेसहा. म्हणजे तू एक शिंग इतकं स्वच्छ बघशील की त्याच्यावरची वळी मोजावीशी वाटतील, आणि शेजारी — शेजारी काय आहे ते तुला दिसणारच नाही. हे कुठल्या पत्रकात ठळक लिहीत नाहीत. लिहितात, पण बारीक, शेवटच्या पानावर. हे बघ, इथे.

माझ्याकडे होती तशी. बारापटीची. तेव्हाची तीस हजार शिलिंग, दीड महिन्याचा पगार, माझी बायको हिल्डेगार्ड आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. मे महिन्यात घेतली आणि अख्खा उन्हाळा मी अंगणातून समोरच्या डोंगरावरच्या गुरांच्या कानांतले बिल्ले वाचत बसायचो. वाचायचो आणि हिला ओरडून सांगायचो. रोमेद म्हणायचा, डॉक्टर, बिल्ल्यावर दुधाचा भाव लिहिला असेल तर तोही सांग. सप्टेंबरात आम्ही वर गेलो, थंड झऱ्याच्या वरच्या उतारावर, तो आणि मी. त्याच्या वाट्याला त्या साली एक म्हातारी गाम्स, कड्यांवरची रानबकरी, आलेली. अकरा वर्षांच्या वरची, भाकड — ते तर तुला परीक्षेत पाठच करायला लावलं असेल. म्हातारी मारायची, अगदी तरणी मारायची, मधली नाही. मधल्या पिल्लं वाढवतात. आणि झोपडीतून निघताना रोमेदनं विचारलं, ती लांब दुर्बीण घ्यायची का? तीन पायांची, साठपटीची, शिंगावरची वळी मोजायला, वर्षाला एक वळं, तीच लागते, सगळे तीच नेतात. दोन किलो वजन. मी म्हणालो, कशाला ओझं? ही काय कमी आहे? — आणि बंदुकीवर थोपटलं. असं. घोड्याच्या मानेवर थोपटतात तसं.

हे मला नक्की आठवतं. ह्याबद्दल शंका नाही.

तू कॉफी पी ना. गार होतेय. खाली राय धान्याचा पाव आहे, आणि मांसाचा धुरावलेला तुकडा आहे, मी कापून — नको? बरं.

सात वाजत आले होते. सूर्य कड्यामागे गेलेला. ती एकटीच उभी होती, आडवी, दोनशे मीटर. रोमेद पोटावर पडलेला, त्याच्या काचेतून बघत. मी त्याच्या शेजारी, माझ्या काचेतून. शिकाऱ्यांत रोमेदसारखा नेम कोणाचा नव्हता आणि वळी मोजण्यात माझ्यासारखा कोणी नाही अशी माझी समजूत — नाही, सगळ्यांचीच समजूत होती, शिकलेला माणूस मोजतो ते बरोबरच मोजतो. मी मोजली. मला बारा दिसली. मी शपथेवर सांगतो मला दिसली, बुर्गी, त्या उजेडात, बारापटीत, जिथे मोजताच येत नाहीत तिथे मला एकेक वळं दिसलं. दीड महिन्याचा पगार दिला की माणसाला दिसतं. मी म्हणालो, बारा. भाकड. हाण.

आणि रोमेद थांबला.

आता इथे — इथूनच मला खात्री नाही. मी हे इतक्या वेळा मनात फिरवलंय की त्याच्या कडा झिजल्यात. तो थांबला, आणि म्हणाला, असं मला वाटतं की तो म्हणाला, डॉक्टर, डावीकडे काहीतरी आहे. गवतात. तपकिरी. त्याच्या जुन्या रुंद काचेत, अगदी कडेला, धूसर भागात. आणि मी काच हलवली नाही. हलवली असती तर शिंग हातचं गेलं असतं, पुन्हा शोधावं लागलं असतं, उजेड जात होता. मी काच न हलवताच म्हणालो — म्हणालो असेन — दगड आहे.

त्यानं गोळी झाडली. नेम नेहमीसारखा.

उतार ओलांडायला वीस मिनिटं लागली. मी दोन डहाळ्या तोडल्या, एक तिच्या तोंडात ठेवायला, एक रोमेदच्या टोपीत, शिकाऱ्यांची रीत आहे ती. तिच्या तोंडात मी ठेवली. दुसरी मी पुढे केली आणि त्यानं घेतली नाही. तो तिच्या पोटाशी गुडघ्यावर बसला होता, आणि त्याचा हात ओला झालेला — दूध. सात वर्षांची होती ती. आणि करडू तिथेच उभं होतं, दहा-बारा पावलांवर. पळालं नाही. तुला नियम माहीत आहे, एकटं सोडायचं नाही, वर थंडी त्याला जिवंत ठेवत नाही. रोमेदनं बंदूक उचलली, खाली ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, रागानं नाही हं, अगदी साधं म्हणाला, डॉक्टर, तू मार. तुझी काच चांगली आहे.

मला नाही जमलं. करडू दोनदा ओरडलं आणि अंधारात वर निघून गेलं. रोमेद पुढचे तीन दिवस रोज वर जात होता. एकटा. मला शाळा होती. म्हणजे, शाळा होतीच, पण.

नाही, तू उठू नकोस. आता अर्धंच राहिलं.

एप्रिलात खानावळीच्या दिवाणखान्यात सगळ्यांची शिंगं मांडली, वर्षाची, भिंतभर. हिरवे ठिपके, हिरवे ठिपके, आणि मधेच एक लाल, चुकीचं जनावर मारल्याचा. सगळं खोरं बिअरचे पेले घेऊन भिंतीसमोरून जाणार. कोणी म्हणालं, काय रे रोमेद, आजीबाई मारायला गेलास आणि सुईणीला बोलवायची वेळ आणलीस? कोणी म्हणालं, चष्मा ॲफ्रानं लपवला का? हसले सगळे. आणि रोमेदनं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? दोन सेकंद. तीन. मला जागा ठेवली होती त्यानं, मी बोलावं म्हणून — किंवा नसेल, नुसतंच पाहिलं असेल. मी नाही बोललो. तेव्हा तोच म्हणाला, माझी काच जुनी आहे.

आणि मग मी बोललो. बुर्गी, मी बोललो! मी त्या सगळ्यांना समजावून सांगितलं की जुन्या, लेप न दिलेल्या काचेतून संध्याकाळी साठ टक्केच प्रकाश आरपार जातो, आणि म्हणून जनावराचं वय ठरवणं कसं अवघड. खडू नव्हता म्हणून, नाहीतर मी टेबलावर आकृती काढली असती. दहा मिनिटं बोललो असेन. फार छान समजलं म्हणाले. तेव्हापासून सगळे म्हणतात, जुनी काच. ते वाक्य माझं आहे. तुझ्या जेवणाच्या टेबलावर वीस वर्षं वाढलं जातंय ते माझ्या हातचं आहे.

रोमेदनं जूनमध्ये बंदूक विकली. माझ्याकडे यायचा, साखर खायचा, कधी एक अक्षर नाही. मी दरवेळी म्हणायचो, आज सांगू. काय सांगू पण? की मी दगड म्हणालो? त्याला ते माहीत होतं. की मी चूक होतो? ते मला माहीत नव्हतं — हेच तर. मला वाटायचं, दगड असेलही. दगड असेल आणि करडू दगडाच्या मागे झोपलं असेल. मग मी पाहिलं नाही एवढाच माझा गुन्हा, मी खोटं बोललो नाही. त्या एका दगडावर मी नऊ वर्षं बसून होतो.

माझी ती दुर्बीण कपाटात आहे, वरच्या फळीवर. त्या दिवसानंतर बंदुकीला लावली नाही. ने तूच, फुकट, चार हजार वाचतील — नाही. नको नेऊस. तुमच्या घरात ती नको. मी काय बोलतोय मलाच कळत नाही. घे तू ती नवी, काच उत्तम आहे, माझी काही तक्रार नाही काचेबद्दल. तुला जे टाळायचंय ते तिनं टळणार नाही, एवढंच. आणि ते मी तुला नऊ मिनिटांत सांगू शकलो असतो, बाहुली-बिहुली न काढता, आणि रोमेदला सांगायला माझ्याकडे नऊ वर्षं होती.

जा आता. पाच वाजायला आले. ॲफ्राला सांग — किंवा मी सांगतो. नाही, मी नाही सांगायचो, तू मला ओळखतेस आता. तूच सांग. पाटी काढा म्हणावं.

काय? — मी चूक होतो हे मला कसं कळलं?

त्यानंतर नऊ वर्षांनी रोमेद मार्चात गेला. त्या सप्टेंबरात मी वर गेलो, त्याच तारखेला, लांब दुर्बीण पाठीवर घेऊन, एकसष्ट वर्षांचा होतो, तीनदा बसलो वाटेत. आधी आम्ही पोटावर पडलो होतो तिथून बघितलं. मग त्या दुर्बिणीवरही विश्वास बसेना म्हणून उतार ओलांडून पलीकडे गेलो, आणि ती गाम्स उभी होती तिथून डावीकडे वीस पावलं चालत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो, मग खाली बसून हातांनी गवत चाचपलं.

तिथे दगड नाही.