रिमोटचे दोन सेल

आमच्या साळवेमामांची एक खोड होती, बघा. आम्ही दोघं इंटरनेटच्या केबली जोडायचो. कुठलीबी केबल कापायच्या आधी मामा तिच्याजवळ टेस्टर धरायचे. करंट असला की तो वाजायचा. पण त्याच्याबी आधी शेजारच्या घराचं दार वाजवून म्हणायचे, "ताई, चालू बोर्ड दाखवा जरा." टेस्टर तिथं वाजला, तरच त्याच्यावर भरवसा. मला लई लाज वाटायची.

एकदा पडेगावात आमच्या पाईपातली एक जुनी काळी केबल काढायची होती. मीच घाईघाईनं टेस्टर लावला. गप्प. "मेलेली हाय, मामा," म्हणत मी पक्कड उचलली.

"थांब. बोर्ड बघितला का?"

"दर वेळी काय बोर्ड, मामा?"

मामांनी पक्कड हातातून काढून घेतली अन् समोरच्या काकूंचं दार वाजवलं. टेस्टर चालू बोर्डावरबी गप्पच! सेल संपलेले. काकूंची मालिका लागायची वेळ झालेली, तरी त्यांनी रिमोटचे सेल काढून दिले. ते घालून टेस्टर केबलीजवळ नेला, तर असा बोंबलला की मी दोन पावलं मागं सरलो.

काकू म्हणाल्या, "अगं बाई, ती आमच्या बोअरच्या मोटरची वायर. तुमच्या पाईपात जागा होती, म्हणून ह्यांनी घातली."

मामा आता रिटायर झाले. दार मी वाजवतो. अन् दर दिवाळीला काकूंकडं दोन सेल घेऊन जातो.

"अरे, मागचेच संपले नायत अजून!"

"असू द्या, काकू. त्या दिवशी माझ्यापायी तुमची मालिका बुडाली."