धापूबाईच्या खिडकीवरलं मोहोळ

...आन मंग म्हातारीनं जावं तं जावं कुठी, तुमीच सांगा! रिसोडात स्वतःचं घर, रतनलालसारखा कमावता पोरगा, आन धापूबाई झोपून राह्यली जिन्याखाली, पाय पसरले तं भिंतीले लागते. आन तिच्या हवेशीर खोलीत कोन? माश्या! आपसूक नाही आल्या, बलावल्या! सून नीलम, तिनं मोबाइलवर पाह्यलं, बागेत फुलपाखरं पाह्यजे, मधमाश्या पाह्यजे... झालं, सासूच्या खिडकीखाली झेंडू, सूर्यफुलं, ताटलीत पानी, पान्यात गोटे. गोटे काहून? तं पाहुनी बुडू नये! म्हातारीनं चहा मांगतला तं गॅस खाली नाही, माशीले मात्र दोनखेपा ताजं पानी. फुलपाखरं आली, फोटोपुरती. माश्या आल्या अख्खं खानदान घेऊन, आन खिडकीवर हे सुपाएवढं आग्या मोहोळ लटकलं.

दुसरा कोनी असता तं धूर करून मोकळा झाला असता. पन हे जैनाचं घर, इथं मध जिभेले लावत नाही, धूर कोन करन? नीलम म्हने, आपल्याच्यानं जीवाले त्रास नाही झाला पाह्यजे. वाक्य सोळा आने खरं हाय हो, धापूबाईनंच शिकवलेलं! जलमभर मुंगी पाहून पाऊल टाकलं बिचारीनं.

एक दिवस म्हातारी खिडकी लावाले गेली आन माशीनं ओठावर डंख मारला. तोंड सुजून पपई! ओरडली तशी नीलम धावत आली, खाली वाकली, तुम्हाले वाटलं सासूले पाहाले? माशीले पाहाले!

"मेली ना, माँजी. डंख मारला का माशी मरते. तुमच्यापायी जीव गेला."

घ्या! डंख हिले, पाप बी हिलेच. वरून उपास धरा म्हने, प्रायश्चित्त. तसंबी त्या तोंडानं घास जात नव्हता, म्हातारीनं धरला. आन माश्यांले खटपट नको म्हनून खाट निघाली जिन्याखाली. रतनलाल म्हने, माय, थोड्या रोजाचं हाय. जीवाले त्रास नाही झाला पाह्यजे! अरे, मंग हे जिन्याखाली काय पोतं ठेवलं काय रे?

तुम्हाले सांगतो, एका सकाळी माश्या उडाल्या. पोळं रिकामं, चिटपाखरू नाही. धापूबाई इतकी खुश, गादी गुंडाळली, गुडघे धरत खोलीपाशी गेली, तं दाराले कुलूप! नीलम म्हने, पुढल्या साली माश्या त्याच जागी येते, तवर पोळं हालू नये. रतनलाल उभा होता, आपल्या चपला पाहात.

म्हातारी रडली नाही, भांडली नाही. गादी तशीच पोराच्या हातात देली आन म्हने,

"ठेव बापू जिन्याखाली. मोक्ष गेला उडत, पुढल्या जलमी माशीच होतो, म्हंजे या घरात खोली तं भेटन."