टरफलासकट वजन

—अगं, आवाज जरा खाली. आणि ते दार लोट. हां. आता दाखव, कुठे बोट ठेवलंयस. शेंगदाण्याच्या रकान्यात ना? वाटलंच मला. तिसऱ्याच दिवशी सापडलं तुला, म्हणजे हुशार आहेस — फार हुशार असलेलं या ऑफिसात बरं नसतं, पण ते जाऊ दे. युरोपातले हे दोन शेजारी देश, दरसाल कोणी किती तेलबिया बाहेरून आणल्या, त्याचा तक्ता एकवीस वर्षं मी करतेय. मोठ्या देशाला आम्ही थोरली जाऊ म्हणतो, लहान्याला धाकटी. आलेखावर दोघींच्या रेघा नुसत्या एकमेकींवर कुरघोडी करत चाललेल्या — आणि त्या एका वर्षी धाकटी एकदम घसरते. घसरते कसली, तोंडावर आपटते! साहेबांनी त्यावर भाषणं दिली, अहवाल छापला. का कोसळली हिची आयात? का म्हणजे — कोसळलीच नव्हती गं. आधी तिथले लोक शेंगांचं वजन टरफलासकट द्यायचे, त्या वर्षापासून सोललेल्या दाण्यांचं द्यायला लागले. माल तेवढाच, वजन कमी. तळटीप होती खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. मी वाचली नाही. चष्मा बदलायचा होता — नाही, खोटं कशाला बोलू, कंटाळा केला.

तुझ्याआधी इथे एक दाढीवाला होता, त्याने पकडलं. तुझ्याच खुर्चीवर बसायचा. भला माणूस, आधी माझ्याकडे आला, म्हणाला, ताई, साहेबांना दोघं मिळून सांगू. गेलो. साहेबांनी एवढंच विचारलं, हा रकाना कोणी भरला? आणि मी काय केलं? — काही नाही केलं. त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं गं, बोलले एक अक्षर नाही! भाषणं झालेली, साहेब आता माघार कशी घेणार? रेघ तशीच ठेवली, माणूस काढला. उद्या कोणाला सापडलंच तर म्हणून फायलीत शेरा मारला, चूक त्याची. परवा बसस्टॉपवर दिसला. मी तोंड फिरवलं, तर तोच जवळ आला. 'ताई, धाकटी सावरली का?' — हसत विचारलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणून म्हणते, ही चूक लिहून काढली असशील तो कागद दे इकडे, मी स्वतः नेते, माझ्या नावाने — निवृत्तीला आठ महिने राहिलेत, काय करतील करून करून —

काय? पाठवलास? कधी? सकाळीच, मुख्य ऑफिसला?

आणि चूक कोणाची म्हणून लिहिलंस?

त्याची. फायलीतला शेरा बघून. हं.

नाही, बरोबर आहे तुझं. फायलीत असेल तेच लिहावं माणसाने. नको नको, आता दुसरं पत्र कशाला, उगाच घोळ होईल. मी आत्ता काय बोलले ते — डोकं दुखतंय सकाळपासून, काहीतरी बडबडत होते. अशी बघू नकोस माझ्याकडे. जेवायची वेळ झाली, जा तू. मला कामं आहेत.