जवळ्याची करंजी

...आणि वर खापर माझ्याच डोक्यावर. म्हणे म्हाताऱ्यानं नातवाच्या वाढदिवसाचा विचका केला. मी केला? मी फक्त एक करंजी केली. एकच. आता त्या करंजीत गूळखोबऱ्याबरोबर मूठभर सुका जवळा, म्हणजे ती बारकी कोळंबी, कुटून भरला होता, हे खरं, पण तुमाला सांगतो, आमच्या घरात हे दरवर्षीचं हाय... ज्याचा वाढदिवस त्याच्या ताटात एक खोटी करंजी. शेजारच्या टीव्हीवर टोप्या घालून मेणबत्त्या फुंकतात, तसलं आमच्याकडे नसतं. गेल्या साली सुनेच्या करंजीत हिंग भरला होता. तिनं पंधरा दिवस माझ्या धोतराला हात लावला नाय, पण हसली. वाढदिवस हाय म्हटल्यावर हसायला पायजे.

मला रामनाथला सगळं शिरगाव ओळखतं. चौथीत असताना मास्तरांच्या मिटलेल्या छत्रीत खेकडा सोडला, मास्तरांनी छत्री उघडली, मग म्हणाले या शाळेत एक तर मी राहीन नायतर हा. मास्तर राहिले. मी आलो वाडीत, पानवेल चढवायला. तेव्हा शिक्षण विचारू नका, चेष्टा कितवीपर्यंत झाली ते विचारा.

तर नातू. नाव नरहरी. माझ्या बापाचं नाव, माझ्या लेकानं, कमलाकांतनं, हौसेनं ठेवलं, आणि गोची झाली माझ्या बायकोची. आनंदीनं जन्मात सासऱ्याचं नाव तोंडातनं काढलं नाय, ती नातवाचं कसं काढणार? मग ती त्याला मामंजीच म्हणायला लागली. दीड वर्षाचं पोर उघडंनागडं अंगणात पळतंय आणि ही पदर सावरत त्याच्या मागनं, "मामंजी, चड्डी घाला हो." मामंजी घालतायत होय...

आणि या पोराचं नाक, तुमाला सांगतो, कुत्र्यांनी शिकवणी लावावी असं. दारात चप्पल काढता काढता सांगायचा, "आजी, बोंबील केलेत, आणि कालचे हायत." शेजारच्या मुरबे गावच्या कोळणी त्याला लांबनं येताना बघून टोपलीवर फडकं ओढायच्या. त्यामुळे करंजीचा सामना आमच्या दोघांतच. ताट पुढं आलं की तो एकेक करंजी नाकाशी न्यायचा, माझ्याकडे बघायचा, आणि खोटी बरोब्बर काढून माझ्या ताटात टाकायचा, की ती मी खायची. नियमच तसा. राख खाल्ली, नीळ खाल्ली, एकदा तंबाखू खाल्ली आणि केळीत जाऊन पडलो. पोरगा एकदासुद्धा हरला नाय.

मग वाडीच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. पानवेल पिवळी पडली. पोरगा तारापूरच्या बाजूला रंगाच्या कारखान्यात लागला, बोईसरला खोली घेऊन राहिला, आणि तोही पिवळा पडला. खोटं नाय सांगत, घाम पिवळा, बनियन पिवळं, सुट्टीला येऊन झोपला की उशी पिवळी. आनंदी अभ्रे उकळते आणि म्हणते, "मामंजींना हळद लागलीच हाय, नवरी तेवढी आणा." आमी हसतो. काय करणार... कमलाकांत तर गावभर सांगत फिरतो, पोरगा दिवाळीला पर्मनंट होतो म्हणून. बसमध्ये अनोळखी माणसालाही सांगतो.

तर यंदा, मे महिन्यात, वाढदिवसाला आला तो जोडीदाराला घेऊन. चिंधू नाव. जव्हारकडचा, डोंगरातला, कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली. दोघं शेजारी शेजारी पिंपं ढकलतात. आत सुलू, आमची सून, पापलेट तळत होती, वास पार देवळापर्यंत गेलेला, अंगणात चार घरची मांजरं येऊन बसलेली... आणि नरहरी दारात चप्पल काढतो आणि विचारतो, "आई, आज काय केलंय?"

मला वाटलं, मोठा झाला, रीत शिकला, विचारून बोलायला लागला. चिंधू त्याला हळूच म्हणाला, "पापलेट तळतात." मला वाटलं, भुकेला असेल बिचारा. बघा, माझ्यासारखा डांबीस माणूस, दुसऱ्याच्या खिशातली सुपारी ओळखतो, आणि मला कळलं नाय.

ओवाळणं झालं. पानं मांडली. पापलेट झाले, भात झाला, मग सुलूनं करंज्या वाढल्या. मी माझ्या जागेवर मांडी घट्ट करून बसलो. नरहरीनं पहिली करंजी उचलली. नाकाशी नेली. माझ्याकडे बघितलं. दुसरी उचलली, नाकाशी नेली, डोळे बारीक केले, तिसरी... सगळं अगदी नेहमीसारखं. मग एक उचलून माझ्या ताटात टाकली आणि म्हणाला, "हरलास, आजा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खाल्ली. चांगली होती. गूळ, खोबरं, वेलची.

तुमाला सांगतो, काय आनंद झाला मला! इतक्या सालांनी पोराला हरवलं. मी गाल आतनं चावून धरले, आणि बघत राहिलो, की आता खोटीचा घास घेईल, आता थुंकेल, आता उठून केळीकडे पळेल... त्यानं घेतली. चावली. जवळ्याची घाण अशी सुटली की सुलूनं पदर नाकाला लावला, एक मांजर उंबरा ओलांडून थेट त्याच्या मांडीवर चढलं. आणि हा चावतोय. सावकाश. ओठाला जवळ्याचे काळे डोळे चिकटलेले, ते माझ्याकडे बघतायत, आणि हा म्हणतो, "मस्त झाली हाय गं आई. खुसखुशीत."

कुणी हसेना. मी हसायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. वाढदिवस हाय म्हटल्यावर हसायला पायजे ना? पण हसायचं कुणाला?

आनंदी म्हणाली, "नरहरी, थुंक ते."

नरहरी म्हणाली. माझ्या बापाचं नाव, चुलीपुढं, मोठ्यानं. तेव्हा त्याला कळलं. त्यानं बोटानं ओठ पुसला, बोटाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"जवळा काय रे, आजा?"

"होय रे."

"बरं हाय," म्हणाला, आणि उरलेली खाऊन टाकली.

चिंधूनं हात पानातनं बाहेर काढला. "त्याला वास नाय येत, आजी. थंडीपासनं गेलाय."

सुलू तिथंच खाली बसली. "मग दर खेपेला म्हणतोस, तुझा डबा छान होता, ते काय?"

"मऊ असतो ना," नरहरी म्हणाला. "म्हणून."

कमलाकांत उठला, परत बसला. "डॉक्टरला दाखवू."

"कंपनीच्या डॉक्टरला दाखवलं की दिवाळीच्या आत घरी पाठवतील. बाहेरच्याला दाखवलंय, तो म्हणतो काम सोड. सोडून काय करू, बाबा? पानवेल चढवू?"

कमलाकांत म्हणाला, "ठीक हाय, नाकच गेलंय ना, हातपाय तर शाबूत हायत. नाकाचं तिथं काम काय?"

आता हे त्यानं विचारायला नको होतं. चिंधू म्हणाला, "नाकाचंच काम हाय, काका. पिंपातनं कधी कधी गॅस सुटतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो. आला की पळायचं, मागं बघायचं नाय. ज्यानं मागं बघितलं तो..." आणि गप्प झाला, कारण पान वाढलेलं होतं आणि समोर बायका होत्या.

मी विचारलं, "मग नरहरी, तुला कसं कळतं?"

"चिंधू पळाला की मी पळतो."

असं सांगितलं, जसं काय एस.टी. कितीची ते सांगतोय. मग मांजराला उरलेलं पापलेट घातलं, आणि म्हणाला, "तोंडं काय पाडलीत सगळ्यांनी? वाढदिवस हाय, हसा की." माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. आमी हसलो हो. पाचही जण. मयताला आलेले लोक चहा पिताना हसतात तसे.

त्यावर आनंदी चिंधूच्या पानात करंज्या वाढायला लागली. एक, दोन, चार... तो नको नको म्हणतोय आणि ही वाढतेय. ते नाक धडधाकट राहायला पायजे ना. वाढता वाढता म्हणाली, "बाबा, तू कायम तिथंच असतोस ना याच्या शेजारी?"

"असतो की," चिंधू म्हणाला. "पाऊस लागला की मात्र आवणीला जातो घरी. भात लावायला बायडी एकटी पडते."

मी वर बघितलं. आभाळ भरायला लागलं होतं.

तर असा तो वाढदिवस, आणि विचका म्हणे मी केला. असू दे. म्हणून हे माझे पाय असे दिसतात, चिखल्या झाल्यात. पंधरा दिवस झाले, डोंगरात चिंधूच्या शेतावर हाय मी. त्याच्याऐवजी मी आवणी करतो, म्हणजे तो बोईसरला राहील. या कमरेनं, जी आयुष्यभर पानवेलीपुढं ताठ उभी राहिली, तिनं आता दिवसभर वाकायचं. चिंधूची बायडी मागनं येते, मी लावलेलं उपटते आणि परत लावते. काल म्हणाली, "आजा, तुमी बांधावर बसा, तुमच्या हातचं पीक नाय यायचं." मी म्हटलं, "बाई, पीक नको मला. तुझ्या नवऱ्याचं नाक तेवढं तिकडे राहू दे."

आणि आज सकाळी बोईसरवरनं निरोप आला. चिंधूला सर्दी झाली हाय. पण काळजी करू नका, असं नरहरीनं सांगून पाठवलंय... दोघं आता एकमेकांकडे बघून काम करतात.