पत्रपेटीपर्यंत

—नाही काका, टाय काढा. खरंच सांगतो. आणि दाढी आज राहू द्या — बघितलाय मी, वस्तरा काढून ठेवलाय तुम्ही — पण विमा कंपनीची बाई तपासणीला दहाला येणार आणि तुम्ही असे लग्नाला निघाल्यासारखे बसलात तर ती काय लिहील? ‘स्वतः तयार होतात.’ टायची गाठ कोणी मारली, हे तिच्या कागदावर नसतंच. हसू नका. पैसे सरकारचे, पण तुमची देखभाल करायला मी आठवड्याला किती तास यायचं ते कंपनी ठरवते, आणि तेही या एका भेटीवरून. तुम्ही तासभर पैलवान झालात, की पुढे वर्षभर पैलवानासारखंच राहायचं — माझ्याशिवाय.

फार बोलतोय का मी? एरवी तुम्हीच म्हणता, हा पोरगा तोंडात मक्याचं कणीस धरून बसतो. पण व्लास्ता कादलेचबाई — ओळखायचात ना? चर्चच्या जत्रेत खसखशीची कोलाची, ते गोड भरलेले पाव, विकायच्या त्या. दोन वर्षं होतो मी त्यांच्याकडे, आठवड्याला चाळीस तास. शाळा सोडल्यावर मला पहिल्यांदा कोणीतरी ‘शहाणा आहेस’ म्हटलं ते त्यांनी. तर त्यांच्याकडेही अशीच बाई येणार होती. झालं! डॅरिल, पडदे धू. डॅरिल, केस वळवून दे. पाहुणी येणार आणि घरात खायला काही नको? कोलाची मी मळली, मी भाजली, आणि बाईपुढे बशी सरकवून त्या म्हणतात कशा — ‘मीच केली, घ्या अजून एक.’ आता मध्येच काय बोलणार मी? बाईनं खाल्ली. खाताखाता लिहिलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. चाळिसाचे अकरा. कारण काय, तर ‘घरापासून पत्रपेटीपर्यंत स्वतंत्रपणे चालत जातात.’ कोणी सांगितलं? सांगितलं असेल कोणीतरी. अशा वेळी घरातलं माणूस बोलून जातंच — नाही, तसं घरात तिसरं कोणी नव्हतं. मीच. मी सांगितलं. बाईनं विचारलं, ‘तुम्ही काळजी छान घेता, त्यांच्यात काही सुधारणा?’ आणि मला कोणी छान म्हटलं की — आदल्या ऑक्टोबरात एकदा गेल्या होत्या हो त्या अंगणाच्या टोकाच्या पेटीपर्यंत, ऊन पडलं होतं, मी कोपर धरलेलं, तीस पावलं, शेवटची पाच मी धरलं नाही. दोघंही हसत होतो. तेच सांगितलं मी. ‘पत्रपेटीपर्यंत जातात आता,’ म्हटलं. कोपराचं सांगितलं नाही.

अपील करू म्हटलं, तर त्या म्हणाल्या, ‘मला चालता येत नाही असं माझ्या सहीनं लिहून देऊ?’ मीही फार ताणलं नाही. मग जानेवारी. शनिवार-रविवार माझे तास कापलेले. सोमवारी मी गेलो तेव्हा बर्फावर आधी वॉकर दिसला, मग त्या. पेटीचं झाकण उघडं होतं, काका. म्हणजे पोचल्या होत्या त्या. त्यांनी मला खोटं पडू दिलं नाही. तेव्हापासून कोणाच्याही अंगणातून चालताना पावलं मोजली जातात. झोपेतही मोजतो, आणि पंचवीसच्या पुढे जातच नाही. तुमच्या पेटीपर्यंत एकतीस आहेत.

म्हणून आज सगळं बोलणार मी. मंगळवारी टबात तासभर अडकला होतात ते. रात्री ओल्या होणाऱ्या चादरींचं. तुमच्या देखत बोलावं लागेल, तेव्हा तुम्ही आपले खिडकीबाहेर बघा, मी पटपट —

गाडी थांबली वाटतं तिची. काय म्हणालात? बाहेर? मी? ती असेपर्यंत? काका, या वेळी मी तसलं काही बोलणार नाही, शप्पथ — हं. बोलेन म्हणूनच. चादरींचं. अहो, पण तुम्ही तिला सांगणार आहात का? एवढंच सांगा, सांगणार आहात ना? ... बरं, उठू तरी नका, दार मी — तुम्हीच उघडणार. बरं. मी मागच्या दारानं जातो.