टिपणीस सर शून्य का द्यायचे

काकू, आणि जमलेली मंडळी,

मला भाषण येत नाही. भांडता येतं. काकूंनी सांगितलं, तू बोल, म्हणून उभा राहिलो. विशाखापट्टणमहून दीड दिवसाचा प्रवास करून आलो, वाटेत मनात बरंच जुळवलं होतं. सर असे होते, सर तसे होते. आत्ता कंपनीच्या मॅनेजर साहेबांचं बोलणं ऐकलं आणि ते सगळं विसरलो.

साहेब म्हणाले, सर फार तळमळीचे. शिकवण्याच्या नादात भान राहिलं नाही, टाकीभोवतीच्या पिवळ्या रेषेच्या आत गेले. मग प्रिन्सिपॉल साहेब उठले, तेही तेच म्हणाले. किती गोड बोललात हो दोघं! टिपणीस सर स्वतःच्या चुकीनं मेले, एवढंच म्हणायचं होतं ना? मग सरळ म्हणा की.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. सर याच कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंगच्या पोरांना कारखान्यातले धोके शिकवायचे. भोपाळ झाल्यावर तो विषय आला, आठवड्याला एक तास. सर म्हणायचे, फळ्यावर कुणाचे डोळे जळत नाहीत. म्हणून दर वर्षी पोरांना तळोज्याला कंपनीत आणायचे. मी तिथं कंत्राटावर हेल्पर होतो. गाव नावडे, शाळा चौथीपर्यंत.

अमोनियाच्या टाकीखाली, टाकी रिकामी करायच्या पाइपावर, एक वॉल्व्ह आहे. असल्या वॉल्व्हचा नियम सोपा. दांडा पाइपाच्या रेषेत असला की उघडा, आडवा असला की बंद. सरांनी विचारलं, हा कसा आहे? पोरं एका सुरात ओरडली, उघडा!

सर म्हणाले, "उघडा? मग आपण जिवंत कसे?"

मी बाजूला पाना घेऊन उभा होतो. मला हसू फुटलं. सर वळले.

"का हो, हसलात का?"

"सर, तो वॉल्व्ह उलटा हाय. रेषेत म्हंजे बंद."

"उलटा कुणी बसवला?"

"मीच."

वाटलं, आता शिव्या बसणार. सुपरवायझर डोळे वटारत होता. सरांनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी विचारलं, का? म्हटलं, दांडा मोडला व्हता, दुसऱ्या वॉल्व्हचा आनून ठोकला, खाच जुळंना. नवीन का नाही आणला? स्टोरची चावी साहेबांकडं, साहेब जेवायला गेलेले. मग नंतर का नाही बदलला? म्हटलं, "कशाला? आमच्या शिफ्टला सगळ्यांना म्हाईत हाय की."

सर म्हणाले, "आणि उद्या जो नवीन येईल, त्याला?"



पुढच्या आठवड्यात सर मला स्कूटरवर बसवून इथं घेऊन आले. चप्पल घालून, मळक्या शर्टात, पोरांसमोर उभं केलं. एका पोरानं विचारलं, सर, यांचं क्वालिफिकेशन काय? सर म्हणाले, "यांनी वॉल्व्ह उलटा बसवलाय. तुम्ही अजून सुलटासुद्धा बसवलेला नाही." पोरं हसली. मग मी सगळं सांगितलं, चावी, जेवण, खाच, सगळं. सरांनी पोरांना बजावलं, माझ्या पेपरात अपघाताचं कारण विचारलं आणि कुणी 'कामगाराचा निष्काळजीपणा' एवढंच लिहून पेन खाली ठेवलं, तर शून्य. पुढं का म्हणून विचारा. साहेबाच्या टेबलापर्यंत विचारत जा.

चिठ्ठी आलीय मला. 'थोडक्यात आटपा.' चौथी शिकलोय साहेब, एवढं वाचता येतं. आटपत नाही.

सरांनी त्या वॉल्व्हबद्दल कंपनीला तीन पत्रं लिहिली. प्रत्येकाची नक्कल प्रिन्सिपॉल साहेबांना. प्रिन्सिपॉल साहेब, तुम्ही सरांना काय म्हणालात? काकूंना माहीत आहे, सर घरी येऊन सांगायचे. तुम्ही म्हणालात, टिपणीस, आपण तिथं पाहुणे आहोत, उगाच कशाला दुखवायचं, उद्या ते पोरांना आत घेणार नाहीत. आणि मॅनेजर साहेब, तुमचं उत्तर आलं होतं, की पुढच्या शटडाउनला, दुरुस्तीसाठी प्लँट बंद ठेवू तेव्हा बघू. शटडाउन झालं. टाकीला रंग लागला. दांडा तसाच राहिला.

आणि मी? माझं बूड एका जागी टिकत नाही. मुकादमाशी वाजलं, नोकरी सोडली, विशाखापट्टणमला गेलो. जायच्या आधी तो दांडा बदलायला मला अर्धा तास लागला असता. मी नाही बदलला. रागात होतो. माझ्यासारखे जुने कंत्राटी एकेक करून गेले. सगळ्यांना म्हाईत हाय म्हणालो होतो ना मी? ते सगळे गेले.

काल तळोज्याला जाऊन, सर पोरांना घेऊन आले त्या दिवशी टाकीवर जो नवीन ऑपरेटर होता, त्याला भेटलो. एका डोळ्याला अजून पट्टी आहे. मला म्हणाला, "भाऊ, दांडा रेषेत दिसला. मला वाटलं कुणीतरी उघडा ठेवून गेलाय, वरनं बंद असंल म्हणून वाहत नाय. मी बंद करायला गेलो." बंद करायला गेला, मंडळी! नियमानं जे करायचं तेच त्यानं केलं. दांडा आडवा केला आणि अमोनिया सुटला.

सर रेषेच्या बाहेर होते. बाहेर! आत एक पोरगा होता. वहीत त्या पाइपाची आकृती काढायला पुढं गेलेला. सर त्याला ओढायला आत गेले. पोरगा बाहेर पडला. सर पडले ते उठले नाहीत.

तो पोरगा आज इथं बसलाय. नाव घेत नाही. तू मेला नाहीस, बरं झालं, मनापासून सांगतो. पण कंपनीनं एक कागद तयार केलाय. त्याची नक्कल काकूंच्या घरी आली, मी अक्षर लावत लावत वाचली. 'प्राध्यापक स्वतःच्या निष्काळजीपणामुळे रेषा ओलांडून आत गेले.' पुढं काही नाही. पोरगा नाही, दांडा नाही, तीन पत्रं नाहीत. खाली चार सह्या, चार विद्यार्थ्यांच्या. त्यात तुझीही आहे.

कुणी सांगितलं सही करायला? ट्रेनिंग मिळणार नाही म्हणून घाबरवलं? नोकरी देतो म्हणाले? मला माहीत नाही. तुम्ही चौघं सरांच्या वर्गात बसलात. सांगा ना, या उत्तराला सरांनी किती मार्क दिले असते?

बोला की. मघाशी 'सर अमर रहे' म्हणून तर एका सुरात ओरडत होता तुम्ही.

बरं.

तो कागद सोमवारी फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे जाणार. एकदा तिथं शिक्का बसला की सर कायमचे निष्काळजी. ज्या माणसानं उभा जन्म एक वाक्य अर्धवट सोडू दिलं नाही, त्याच्याच नावापुढं ते वाक्य अर्धवट. काकूंनी ते घरात कसं ठेवायचं?

मी पण सोमवारी तिथं जाणार. माझा कागद काकूंनी लिहून दिलाय, खाली सही माझी आहे. पहिलंच वाक्य असं आहे, की तो दांडा मी उलटा बसवला. माझं नाव त्यात पूर्ण आहे, वडिलांच्या नावासकट. कुणाला मला धरायचं असेल तर धरा. पण त्यापुढं चावी कुणाकडं होती तेही लिहिलंय, आणि पत्रं कुणाकुणाच्या टेबलावर पडली तेही.

आता दोन मिनिटं उभं राहायचं आहे. काकू, तुमचे पाय दुखतात, तुम्ही बसा. बाकी सगळे उभे राहा, फक्त सह्या केलेले तुम्ही चौघं थांबा. तुमच्यातल्या ज्याला सोमवारी माझ्याबरोबर येऊन सही परत घ्यायची असेल, त्यानं उभं राहावं. ज्याला यायचं नाही, त्यानं बसून राहावं. कुणी मारणार नाही. पण आज सरांसाठी उभं राहायचं आणि सोमवारी तो कागद जाऊ द्यायचा, हे चालणार नाही. मी चालू देणार नाही.

सर, नमस्कार करतो.

उठा, मंडळी. डोळे मिटा. मी मिटणार नाही.